रुख्माबाईला काढायचं का?

हेमराज निमजे माझा दोस्त आहे. त्याची बायको सिंधूवहिनी चौदा वर्षांपासून भाऊबीजेला एकटीच माहेरी जाते. हेमराज तिला नागपुरातल्या सक्करदऱ्याहून नंदनवनात नेतो, भावाच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवतो, गाडी बंदही करत नाही आणि तसाच परत फिरतो. त्या भावाचं नाव पंकज. हे दोघे मेहुणे एकेकाळी एका ताटात जेवायचे. त्यांचं बोलणं बंद झालं ते एका कॉम्प्युटरच्या खेळावरून, आणि झालं ते माझ्यामुळे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

हसा, खुशाल हसा. 'खेळावरून?' म्हणून डोळे मोठे करणारे मी पुष्कळ पाहिलेत. तुमच्या घरातली भांडणं कशावरून झाली ते आधी आठवा. लग्नातल्या टॉवेल-टोपीवरून झाली असतील, नाहीतर पंगतीत कोणाला वाढायचं राहिलं म्हणून झाली असतील. आमचा खेळ त्यापेक्षा तरी बरा होता.

मी मुकुंद, नागपूरच्या महाल भागातला. आमच्या घरी सगळे नोकरदार, ऑफिसातून आले की हातपाय धुऊन पेपर वाचणारे. हेमराजच्या घरी माग होता. त्याचे वडील नत्थूजी लुगडी विणायचे. धंदा बसला तेव्हा माग उतरवला, मागाचा खड्डा बुजवला, त्यावर फरशी टाकली आणि त्याच खोलीत हेमराजने सहा कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला. ही गोष्ट दोन हजार सातची. खड्डा नीट बुजला नव्हता, म्हणून चार नंबरचं टेबल कायम डुगडुगायचं. नवं गिऱ्हाईक आलं की हेमराज त्याला मुद्दाम चार नंबरवर बसवायचा आणि पोट्टे खिदळायचे.

प्लायवूडचे आडोसे, बाहेर चपलांचा ढीग, उन्हाळ्यात दारात घरघरणारा कूलर आणि त्या कूलरच्या गारव्यात भाजी निवडत बसलेली हेमराजची आई. तिचं नाव रुख्माबाई. हे नाव लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा त्या नावाभोवती आहे.

तो खेळ असा होता की आपण एक माणूस घडवायचा, त्याला नाव द्यायचं, काम द्यायचं, आणि त्याला घेऊन एका मोठ्या मुलखात हिंडायचं. तिथे आपल्यासारखेच हजारो खरे लोक हिंडत असायचे, कोणी इंदूरचा, कोणी पार परदेशातला. पंकजने पहिल्याच दिवशी ढाल-तलवारवाला घेतला. तो तसाच आहे, दार उघडायच्या आधी धक्का मारणारा. मी तिरंदाज झालो. लांबून बाण मारायचा, अंगावर काही येऊ द्यायचं नाही. माझाही स्वभाव त्यात आलाच. हेमराज मात्र अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसला आणि वैद्य झाला. वैद्य कोणी घेतच नाही. त्याला ना मारता येतं, ना त्याचं नाव होतं. दुसऱ्यांच्या जखमा भरायच्या, एवढंच काम.

"काहून बे वैद्य?" पंकज ओरडला.

"मारायले सगळेच तयार आहे," हेमराज म्हणाला. "मलमपट्टी कोण करन?"

आणि त्या वैद्याला त्याने नाव दिलं रुख्माबाई. लांब कानांची, हिरव्या झग्यातली, हातात काठी घेतलेली देखणी बाई, आणि डोक्यावर तरंगणारं नाव रुख्माबाई! लढाईत पंकजला मार बसायला लागला की तो आडोशामागून बोंबलायचा, "रुख्माबाई, अबे मी मरून राहिलो, कुठं आहे तू?" आणि दारातून खरी रुख्माबाई उत्तर द्यायची, "काहून ओरडून राहिला गा? इथंच तं बसली आहे मी!" आम्ही हसून हसून लढाई हरायचो.

त्या खेळात पावलोपावली निवड करावी लागायची. कोणीतरी भेटतं, काहीतरी मागतं, खाली तीन उत्तरं येतात, आपण एक दाबायचं. सगळं इंग्रजीत. हेमराज ते मोठ्याने नागपुरीत वाचायचा आणि सगळं दुकान मत द्यायचं. रेल्वेचं तिकीट काढायला आलेला माणूससुद्धा थांबून सांगायचा, "दोन नंबर दाबा, भाऊ." एकदा नदीवर एक लंगडा नावाडी लागला. त्याला मारून नाव घ्या, नाहीतर त्याला सोडून पुलाने जा, नाहीतर त्याचा मुलगा येईपर्यंत थांबा. मुलगा यायला घड्याळाचे खरे दोन तास होते. हेमराज थांबला. पंकज केस उपटायला लागला.

"अबे तो नावाडी खरा नाही आहे!"

"तो नसन खरा," हेमराज म्हणाला, "मी तं खरा आहे ना."

आम्ही दोन तास बसलो. तर्री-पोहे मागवले, खाल्ले, पुन्हा मागवले. त्या दिवसांसारखे दिवस नंतर मला कुठल्याच नोकरीने दिले नाहीत, पगार चांगले दिले तरीही.

मग मला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या महिन्यातच कळलं की आपण तोंड उघडलं की लोक हसतात. मी 'मले' म्हटलं की कँटीनमध्ये तीन जण 'मले, मले' करायचे. मी सहा महिन्यांत 'ले'चा 'ला' केला, 'काहून'चं 'का' केलं. जीभ घासूनपुसून स्वच्छ केली म्हणा ना. ऑफिसातल्या तिघांना तोच खेळ आवडायचा, त्यातला एक आमचा टीम लीडर. आम्ही सहा जणांचा गट केला. पुण्यात आम्ही चौघे एका फ्लॅटवर लॅपटॉप घेऊन बसायचो आणि नागपुरात हेमराज आणि पंकज दुकानात. बोलणं सगळं खेळातल्या चौकटीत टाइप करून, इंग्रजी अक्षरांत मराठी.

आता जे नागपूरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवण चालू आहे, घास हातात आहे. 'मरून राहिलो' म्हणजे अजून जिवंत आहे, पण लवकर या. पुण्याच्या लोकांना हे कळेना. पंकजने 'मरून राहिलो' लिहिलं की लीडर म्हणायचा, "मेला ना हा? मग बोलतोय कसा?" मी दोनतीनदा समजावलं. नंतर समजावायची लाज वाटायला लागली, म्हणून सोडून दिलं.

दोन हजार अकराच्या मे महिन्यातला रविवार, दुपारची वेळ. एका डोंगरी किल्ल्यात एक दगडी राक्षस होता. त्याच्यासाठी आम्ही तीन आठवडे तयारी केली होती. एकदा लढाई सुरू केली की माघार नाही, आणि हरलो तर जमवलेलं सगळं जाणार. ऐन वेळी सक्करदऱ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, पंकजचं मशीन तेवढ्यावर तगलं, हेमराजचं बंद पडलं. पाच मिनिटांनी तो परत आला, पण डोंगराच्या पायथ्याशी. तिथून धावत सुटला आणि त्याने लिहिलं, 'मी येऊन राहिलो.'

लीडरने वाचलं आणि म्हणाला, "आला वैद्य. चला, घुसा."

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेत आहे, हे मला कळायला हवं होतं. कळलंही असतं, पण माझी नजर माझ्या बाणांवर होती. आम्ही घुसलो. वैद्य नाही, जखमा भरायला कोणी नाही. पंकज पहिला पडला, मग एकेक करत सगळेच. रुख्माबाई दारात पोहोचली तेव्हा आत पाच प्रेतं होती.

लीडर भडकला. "खोटं का बोललास? आलो म्हणालास ना?"

हेमराजने लिहिलं, "आलो नाही म्हटलं. येऊन राहिलो म्हटलं."

फ्लॅटवर हशा पिकला. "येऊन राहिला म्हणजे मुक्कामाला राहिला का रे? ही काय भाषा आहे? मुकुंद, तू सांग, तुमच्याकडचा ना हा?"

एक ओळ लिहायची होती. 'त्याचं बरोबर आहे, चूक आपली आहे.' माझी बोटं कीबोर्डवर होती. मी लिहिली नाही. माझं नेट गेलंय असं दाखवलं आणि उठून पाणी प्यायला गेलो.

तिकडे नागपुरात पंकज आडोशामागून उठून हेमराजवर ओरडत होता, "बॅटरी बदलव, बदलव म्हणून किती बोंबललो मी! तीन हप्ते पाण्यात गेले ना बे!" सगळ्या दुकानासमोर. तेवढ्यात लीडरने मतदान लावलं. पाटी आली, रुख्माबाईला गटातून काढायचं का? हो. नाही. मतदान गुप्त. ज्याला काढायचं त्याला मत नाही. म्हणजे मतं पाच, पुण्याची तीन, एक पंकजचं आणि एक माझं.

परत येऊन बसलो, नेट आलं म्हणालो. मी 'हो' दाबलं.

मला कोणी धमकावलं नव्हतं. माझा स्क्रीनही कोणी बघत नव्हतं. त्या खेळात मी शेकडो निवडी केल्या असतील, कोणत्या राजाला मदत करायची, कोणाची वाट धरायची. पण खरी निवड तेवढी एकच केली, आणि ती अशी केली. त्या क्षणी मला फक्त त्या हसण्यातून बाहेर पडायचं होतं. भित्रा होतो मी, दुसरं काय?

निकाल सगळ्यांना दिसला. चार होकार, एक नकार. रुख्माबाई गटातून गेली.

संध्याकाळी हेमराजचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, "मुकुंदा, घरच्या माणसानं माहं नाव काढलं गा. पंकजनं. आधी सगळ्यांसमोर बोंबलला अन् मंग हो दाबलं. तू एकटाच माह्या बाजूनं राहिला. मी हे विसरनार नाही."

पंकज ओरडला म्हणून दोषी आणि मी गप्प बसलो म्हणून सज्जन. हेमराजचा हिशेब असा साधा होता. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की हेमराज, उलट आहे. मी काय म्हणालो?

"अरे, त्यात काय एवढं."

त्याने पंकजला विचारलं होतं, "ते 'हो' तूच दाबलं ना?" पंकजचं डोकं म्हणजे तव्यावरचं तेल. तो म्हणाला, "तुले असं वाटते तं असंच समज." हेमराजने त्याला दुकानात पाय ठेवू नको म्हटलं. पंकजने ठेवला नाही. पहिल्या दिवाळीला वाटलं मिटेल. पुढच्या वर्षी खरी रुख्माबाई, हेमराजची आई, वारली, तेव्हाही दोघे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे होते. मग त्याची सवयच झाली. मी पुण्याहून आलो की हेमराजकडे जायचो, सिंधूवहिनीच्या हातचा सावजी रस्सा ओरपायचो आणि हेमराज मुलीला सांगायचा, "हा काका पाहा, याच्यासारखा दोस्त पाहिजे." मी मान खाली घालून जेवत राहायचो.

लोकांच्या हातात मोबाइल आले आणि त्याचं दुकान बसलं. आता त्याच खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र आहे. तो लोकांचे अर्ज भरतो, दाखले, पेन्शन, परीक्षा. आजही उत्तरं मोठ्याने वाचून विचारतो, "यातलं कोणतं टाकू, माय?" खेळ त्याने त्या दिवसानंतर कधी उघडला नाही. मी लॉकडाऊनमध्ये नागपुरात परतलो आणि घरून काम करायला लागलो. एव्हाना माझ्या जिभेवर 'ले' परत आला होता. पण त्याचा उपयोग काय?

गेल्या महिन्यात हेमराजची मुलगी धनश्री माझ्याकडे आली. लग्न ठरलंय तिचं. बसली नाही, दारातूनच म्हणाली, "काका, तुमी बाबांले सांगा ना. तुमचंच ऐकते ते. मामाले पत्रिका द्यायची नाही म्हणते."

"अगं, मी काय सांगू?"

"मामा नसन तं मांडवात माह्या मांगं कोण उभं राहीन? मामी म्हणत होती, मामानं दिवाळीतच सदरा शिवून ठेवला आहे. बोलावणं नाही अन् सदरा शिवून बसला आहे माणूस!" आणि ती रडायला लागली.

ती गेली. सांगितलं तर हेमराज जाणार होता हे नक्की. माझ्या आयुष्यात धड दोस्त म्हणावा असा तो एकच. पण सदऱ्याचं ऐकल्यावर गप्प बसणं मला जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सक्करदऱ्याला गेलो.

दुकानात भीमाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. हेमराज ओल्या फडक्याने तिचं बोट पुसत होता, पुन्हा ठेवत होता, पुन्हा पुसत होता. पाचव्या खेपेला उमटला. ती गेली आणि मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"हेमराज, ते मत माहं होतं. 'हो' मी दाबलं होतं. पंकजनं नाही."

त्याला कळायला वेळ लागला नाही. म्हणजे तोही ते विसरला नव्हता.

"तू?"

"हाव."

"मी तुले फोन केला होता."

"हाव."

"तू म्हणला, त्यात काय एवढं."

"हाव."

त्याने प्रिंटर बंद केला, खुर्ची आत सरकवली, शटर ओढलं. मला वाटलं आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने गाडी काढली आणि म्हणाला, "बस मांगं."

नंदनवन येईपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत बसलो होतो. ती पाठ मला कधी नव्हे ती म्हातारी वाटली. यावेळी त्याने गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली नाही, थेट पंकजच्या दारात नेली. पंकज आता शाळेची व्हॅन चालवतो. लुंगीवर उभा राहून तीच धूत होता. केस निम्मे गेलेत. हेमराजला पाहून त्याच्या हातातला पाइप खाली पडला आणि पाणी अंगणभर पसरायला लागलं.

हेमराज म्हणाला, "ते 'हो' यानं दाबलं होतं. मले आज समजलं."

पंकजने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. "मले मालूम आहे," तो म्हणाला.

"मालूम आहे? कवापासून?"

"त्याच दिवशी. चार 'हो' होते ना? पुण्याचे तीन. मी तं 'नाही' दाबलं होतं. मंग चौथा कोण राहते? याच्यात डोस्कं लावाचं काय होतं?"

मला त्या पाण्यात बसावंसं वाटलं. चौदा वर्षं मी समजत होतो की हे मला एकट्यालाच माहीत आहे. पाच मतांचा हिशेब, दुसरीतल्या पोराला जमेल असा, आणि पंकजने तो त्याच मिनिटाला केला असणार हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी स्वतःतच एवढा गुंतलेला होतो.

हेमराजचा आवाज चिरकला. "मंग सांगतलं काहून नाही, अबे? चौदा वर्सं! सिंधू एकटी येत होती इथं. मले एका शब्दानं सांगतलं असतं!"

पंकजने वाकून नळ बंद केला. लुंगीला हात पुसले. मग म्हणाला, "आधी तं रागानं नाही सांगतलं. तुले माह्यावर भरोसाच नाही, तं मरू दे म्हटलं. मंग राग गेला. मंग वाटलं, दोघंच तं होतो गा आमी तुले. मी साळा, मी कुठं जातो? मले तू हाकललं तरी मी सिंधूचा भाऊच राहतो. हा दोस्त होता. याचं सांगतलं असतं तं तुह्यापाशी कोण राहिलं असतं?"

पंकज माझ्याकडे वळला.

"सिंधू भेटली की मी एवढंच विचारत होतो, मुकुंदा येते का घरी? येते म्हणे. जेवते म्हणे. मंग मी चूप बसत होतो."